हायड्रॉलिक फोर्जिंग प्रेसचे स्वयंचलित नियंत्रण

तापवून लाल केलेल्या लोखंडावर घण घालून त्याला आकार देण्याची कला माणसाला हजारो वर्षांपासून अवगत आहे. गावच्या लोहाराच्या शाळेतील ऐरण आणि मोठ्या कारखान्यातील फोर्जिंग प्रेस यांचे मूळ तत्त्व एकच आहे. धातू तापला की मऊ होतो आणि दाब दिला की वळतो. तापलेल्या धातूवर दाब पडताना त्याच्या अंतर्गत कणरचनेतील पोकळ्या मिटतात, कण बारीक होतात आणि वस्तू ओतीव वस्तूपेक्षा अधिक चिवट बनते. म्हणूनच मोटारीचा क्रँकशाफ्ट, रेल्वेचा आस, वीजनिर्मिती केंद्रातील रोटर आणि विमानाच्या इंजिनातील चकती हे जीवनमरणाशी संबंधित भाग ओतले जात नाहीत, तर घडवले जातात.

या घडाईसाठी लागणारा हजारो टनांचा दाब हायड्रॉलिक प्रेस देते. मात्र हा दाब नेमका कधी, किती वेगाने आणि कोठवर द्यायचा, हे ठरवणारी व्यवस्था गेल्या काही दशकांत आमूलाग्र बदलली आहे. एकेकाळी हे सारे प्रेसचालकाच्या हातातील लिव्हरवर आणि त्याच्या नजरेवर अवलंबून होते. आज त्याची जागा संवेदक, विजेवर चालणारे व्हॉल्व्ह आणि संगणकीय नियंत्रकांनी घेतली आहे. या बदलात उत्पादनाचा दर्जा जसा गुंतलेला आहे, तसाच कामगाराचा हात आणि त्याचे कसबही गुंतलेले आहे.

घणापासून प्रेसपर्यंत

बंदिस्त द्रवाच्या एका भागावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी सतराव्या शतकात मांडले. या तत्त्वाचा व्यावहारिक उपयोग करून इंग्लंडमधील जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले. लहान दट्ट्यावर थोडे बल लावून मोठ्या दट्ट्यावर प्रचंड बल मिळवण्याची ही युक्ती होती.

फोर्जिंगच्या क्षेत्रात मात्र प्रेसच्या आधी वाफेच्या हातोड्याने बाजी मारली. जेम्स नास्मिथ यांनी १८३९ मध्ये त्याचा आराखडा काढला आणि १८४२ मध्ये पेटंट घेतले. वाफेचा हातोडा वरून आदळतो. त्याचा तडाखा क्षणभराचा असतो आणि तो धातूच्या पृष्ठभागाजवळच बराचसा खर्च होतो. तुकडा जाड असेल तर गाभ्यापर्यंत त्याचा परिणाम पुरेसा पोहोचत नाही. प्रेस आदळत नाही, ती दाबत नेते. हा दाब गाभ्यापर्यंत जातो. व्हिएन्ना येथे जॉन हॅसवेल यांनी १८६० च्या दशकाच्या आरंभी फोर्जिंगसाठी हायड्रॉलिक प्रेस वापरात आणली आणि तोफा, जहाजांचे दांडे व चिलखती पत्रे यांचा आकार जसजसा वाढत गेला, तसतशी जड कामे हातोड्याकडून प्रेसकडे गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर या यंत्रांचा आकार एकदम वाढला. जर्मनीने युद्धकाळात विमानांचे मोठे भाग एकसंध घडवण्यासाठी अवाढव्य प्रेस बांधल्याचे उघड झाल्यावर अमेरिकी हवाई दलाने १९५० च्या दशकात खास कार्यक्रम हाती घेतला. त्यातून क्लीव्हलँड आणि मॅसॅच्युसेट्समधील ग्राफ्टन येथे प्रत्येकी ५० हजार टन क्षमतेची प्रेस १९५५ मध्ये उभी राहिली. पुढे चीनने सिचुआन प्रांतातील डेयांग येथे ८० हजार टनांची प्रेस बांधली. जपानमध्ये मुरोरान येथील १४ हजार टनांच्या प्रेसवर ६०० टनांहून अधिक वजनाचे पोलादी ठोकळे घडवण्यात आले आहेत.

भारतात रांची येथील हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनने सार्वजनिक क्षेत्रात जड फोर्जिंगचा पाया घातला. गुजरातमधील हजिरा येथे लार्सन अँड टुब्रो आणि अणुऊर्जा महामंडळ यांनी संयुक्तपणे स्थापन केलेल्या कंपनीत ९ हजार टनांची प्रेस आहे. महाराष्ट्रात पुणे हे फोर्जिंगचे मोठे केंद्र मानले जाते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या भारत फोर्जच्या मुंढवा येथील कारखान्यात वाहनांचे क्रँकशाफ्ट आणि पुढचे अ‍ॅक्सल घडवले जातात. तेथील प्रमुख प्रेस यांत्रिक पद्धतीच्या असल्या, तरी स्वयंचलनाचा विषय निघाला की या कारखान्याचा उल्लेख टाळता येत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

दाबाचे गणित

प्रेसची ताकद समजून घेण्यासाठी एक सोपे गणित पुरेसे आहे. दट्ट्याचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर आहे आणि तेलाचा दाब ३०० बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारे ३०० पट आहे, असे समजू. अशा वेळी दट्ट्यावर सुमारे तीन हजार टन बल निर्माण होते. क्षेत्रफळ दुप्पट केले किंवा असे दोन सिलिंडर लावले, तर सहा हजार टन.

द्रव दाबला जात नाही असे शाळेत शिकवले जाते. कारखान्यात मात्र ते पूर्णपणे खरे नसते. ३०० बार दाबाला हायड्रॉलिक तेलाचे आकारमान सुमारे दोन टक्क्यांनी घटते. वरच्या उदाहरणातील सिलिंडरमध्ये हजार लिटर तेल असेल, तर त्यात जवळपास २० लिटरची घट होते. म्हणजे तेल ताणलेल्या स्प्रिंगसारखे ऊर्जा साठवून बसते. ही ऊर्जा सुमारे ३०० किलोज्यूल भरते. एक टन वजनाची मोटार ताशी ९० किलोमीटरच्या आसपास धावत असताना तिच्यात जेवढी ऊर्जा असते, तेवढीच ही. दाब देऊन झाल्यावर व्हॉल्व्ह एकदम उघडला, तर ही सारी ऊर्जा क्षणात मोकळी होते. नळ्या हादरतात, जोड सैल होतात आणि संपूर्ण सांगाडा दणाणतो. प्रेसच्या नियंत्रणातील अनेक बारकावे या एका गोष्टीशी निगडित आहेत.

एका आवर्तनातील टप्पे

हायड्रॉलिक प्रेसचे एक आवर्तन वरकरणी साधे दिसते. वरचा जड भाग, ज्याला रॅम म्हणतात, तो खाली येतो, दाबतो आणि वर जातो. प्रत्यक्षात त्याचे पाच टप्पे पडतात.

पहिल्या टप्प्यात रॅम वेगाने खाली येतो. या वेळी दाबाची गरज नसते, परंतु सिलिंडर भरण्यासाठी तेल भरपूर लागते. ते पंपाकडून न घेता वरच्या टाकीतून मोठ्या व्हॉल्व्हद्वारे आत घेतले जाते. दुसऱ्या टप्प्यात रॅम तापलेल्या तुकड्याला टेकण्यापूर्वी वेग कमी केला जातो, टाकीचा व्हॉल्व्ह बंद होतो आणि पंपाचा दाब सुरू होतो. तिसरा टप्पा प्रत्यक्ष दाबण्याचा. काही कामांत दाब काही सेकंद तसाच धरून ठेवावा लागतो. चौथ्या टप्प्यात तेलातील दाब हळूहळू मोकळा केला जातो. पाचव्यात रॅम वर परततो.

हे टप्पे एकमेकांत किंचित जरी मिसळले, तरी बिघाड होतो. टाकीचा व्हॉल्व्ह बंद होण्यापूर्वी पंपाचा दाब आला, तर तेल उलट टाकीत उसळते. दाब पूर्ण मोकळा होण्यापूर्वी रॅम वर ओढला, तर आधी सांगितलेला हादरा बसतो. वेग उशिरा कमी झाला, तर रॅम तुकड्यावर आदळतो आणि साच्याचे आयुष्य घटते.

लिव्हरमागचा माणूस

जुन्या प्रेसमध्ये ही सारी सांगड प्रेसचालक घालत असे. उघड्या साच्यातील घडाईत, म्हणजे मोठे ठोकळे सपाट ऐरणींमध्ये दाबून लांबवण्याच्या कामात, किमान चार जणांची मिळून एक टोळी असे. घडाईचा मिस्त्री समोर उभा राहून हाताने खुणा करी. प्रेसचालक लिव्हर ओढी. क्रेनचालक किंवा मॅनिप्युलेटर चालवणारा ठोकळा पुढे सरकवी आणि फिरवी. एक जण लांब दांड्याच्या कॅलिपरने लालबुंद धातूची जाडी मोजत असे. आवाज इतका असे की बोलून काम होण्याचा प्रश्नच नव्हता.

मिस्त्रीचे ज्ञान पुस्तकातले नव्हते. धातूच्या रंगावरून तो तापमान ओळखत असे. चकाकता पिवळा रंग म्हणजे घडाईची ऐन वेळ, गडद लाल रंग म्हणजे ठोकळा पुन्हा भट्टीत घालण्याची वेळ. पंपाच्या आवाजात पडलेल्या फरकावरून धातू किती विरोध करतो आहे, हे त्याला कळे. असा मिस्त्री तयार व्हायला वर्षे लागत आणि तो निवृत्त झाला की त्याचे बरेचसे ज्ञान त्याच्याबरोबरच जाई.

या पद्धतीची मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. सुमारे १२०० अंश सेल्सिअसला तापलेले पोलाद थंड स्थितीपेक्षा साधारण दीड टक्क्याने मोठे असते. एक मीटर व्यासाचा दांडा हवा असेल, तर तापलेला असताना तो सुमारे पंधरा मिलिमीटर जास्त ठेवावा लागतो. तापमान उतरत असताना हा फरकही बदलतो. त्यातच कॅलिपर धरणाऱ्याला उष्णतेमुळे फार जवळ जाता येत नाही. परिणामी माप कमी पडू नये म्हणून सगळेच मोठे ठेवले जाई आणि जास्तीचे पोलाद नंतर लेथवर किसून काढावे लागे. भट्टीत जाळलेले इंधन, प्रेसची वीज आणि महागडे मिश्रपोलाद यांचा एक हिस्सा असा किसाच्या ढिगात जात असे.

रिलेपासून पीएलसीपर्यंत

स्वयंचलनाची पहिली पायरी रिलेची होती. ठरावीक उंचीवर बसवलेली कळ रॅमने दाबली की रिले बदले आणि पुढचा व्हॉल्व्ह उघडे. अशा शेकडो रिलेंनी भरलेली कपाटे प्रेसच्या शेजारी उभी असत. कामाचा क्रम बदलायचा तर तारा उकलून पुन्हा जोडाव्या लागत. एखादी कळ अडकली, तर दोष शोधण्यात अख्खी पाळी जात असे.

यावरचा उपाय मोटार उद्योगातून आला. जनरल मोटर्सने १९६८ मध्ये रिलेच्या कपाटांना पर्याय मागवला. त्याला प्रतिसाद म्हणून रिचर्ड मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन ०८४’ हा नियंत्रक तयार केला. आज ज्याला पीएलसी म्हणतात, त्या नियंत्रकांच्या घराण्याची सुरुवात येथून मानली जाते. त्याचे वैशिष्ट्य असे की त्याला आज्ञा देण्याची पद्धत रिलेच्या आकृतीसारखीच शिडीच्या आकाराची ठेवण्यात आली होती. कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला नवी भाषा न शिकता यंत्राचा क्रम वाचता व बदलता आला. हे तंत्र कारखान्यांत झपाट्याने रुजले, त्यामागे हे मोठे कारण होते.

दुसरी क्रांती व्हॉल्व्हमध्ये झाली. साधा विद्युतचुंबकी व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असतो. अमेरिकी अभियंता विल्यम मूग यांनी १९५१ मध्ये विमाने व क्षेपणास्त्रांसाठी विकसित केलेला सर्व्हो व्हॉल्व्ह मात्र विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात कमीजास्त उघडतो. पुढे त्याच धर्तीचे, पण तेलातील घाण अधिक सहन करणारे प्रपोर्शनल व्हॉल्व्ह आले. त्यामुळे रॅमचा वेग पायऱ्यापायऱ्यांनी न बदलता सलग बदलता येऊ लागला. वेग हळुवार कमी करणे आणि दाब हळूहळू मोकळा करणे ही कामे यंत्राकडे सोपवता आली.

मोजल्याशिवाय नियंत्रण नाही

नियंत्रकाला आज्ञा देता येते, पण रॅम कोठे आहे हे कळल्याशिवाय त्या आज्ञेला अर्थ नसतो. त्यासाठी आता प्रेसच्या बाजूला रॅमच्या हालचालीची लांबी मोजणारा संवेदक बसवला जातो. प्रचलित प्रकारात धातूच्या दांड्यातून विद्युत स्पंद पाठवला जातो आणि चुंबकाच्या जागेवरून उमटलेली यांत्रिक लहर परत येण्यास लागणाऱ्या वेळावरून अंतर काढले जाते. घर्षण होणारा एकही भाग यात नसल्याने धूळ, उष्णता आणि हादरे यांत तो टिकतो. याशिवाय प्रत्येक सिलिंडरमधील दाब, तेलाचे तापमान आणि गाळणीची स्थिती यांची नोंद सतत घेतली जाते.

तरीही अचूकता आपोआप येत नाही. रॅम सेकंदाला शंभर मिलिमीटर वेगाने येत असेल आणि व्हॉल्व्ह बंद होण्यास सेकंदाचा विसावा भाग लागत असेल, तर ‘थांब’ ही आज्ञा दिल्यावरही रॅम पाच मिलिमीटर पुढे जातो. म्हणून नियंत्रक ठरलेल्या बिंदूच्या आधीच आज्ञा देतो. हे ‘आधी’ म्हणजे किती, ते धातूच्या तापमानावर आणि तेलाच्या पातळपणावर अवलंबून असल्याने मागच्या दाबात किती चूक झाली, हे पाहून नियंत्रक पुढच्या दाबात दुरुस्ती करतो. पूर्ण भाराखाली प्रेसचे खांबही काही मिलिमीटर ताणले जातात. तो ताण हिशेबात धरावा लागतो. एवढे सारे साधल्यावर उघड्या साच्याच्या आधुनिक प्रेसमध्ये साधारण एक मिलिमीटर अधिक-उणे इतक्या मर्यादेत माप मिळते. ज्या ठिकाणी पूर्वी किसासाठी कित्येक मिलिमीटर सोडावे लागत, तेथे हा फरक मोठा आहे.

तापमान मोजणे त्याहून अवघड. दुरून तापमान टिपणारे पायरोमीटर पृष्ठभागाकडे पाहतात आणि तापलेल्या पोलादावर खवल्यांचा थर जमलेला असतो. हा थर आतल्या धातूपेक्षा थंड असतो. त्यामुळे खवले झडण्याच्या आधी आणि नंतर वाचन वेगळे येते. अनुभवी मिस्त्री अशा वाचनाकडे साशंक नजरेने पाहतो आणि ती शंका रास्त असते.

प्रेस आणि मॅनिप्युलेटर यांची जोडी

मोठे ठोकळे घडवताना खरी कसोटी प्रेसची एकटीची नसते. ठोकळा पकडून पुढे सरकवणारा आणि फिरवणारा मॅनिप्युलेटर तिच्या तालावर चालावा लागतो. रॅम वर उचलला जाताच तो हलला पाहिजे आणि रॅम टेकण्यापूर्वी थांबला पाहिजे. दाबाखाली धातू लांबत असताना त्याने किंचित ढिले सोडले पाहिजे, नाही तर त्याची पकड तरी निसटते किंवा चाके तरी घसरतात.

एकत्रित नियंत्रणात दोन्ही यंत्रे एकाच कार्यक्रमावर चालतात. ठोकळ्याचे मूळ माप, हवे असलेले माप आणि पोलादाचा प्रकार दिला की संगणक किती फेऱ्या लागतील, प्रत्येक दाबात जाडी किती उतरवायची, पुढे किती सरकवायचे आणि कधी नव्वद अंशांत फिरवायचे याचा तक्ता तयार करतो. हा तक्ता मापापुरता नसतो. प्रत्येक दाबात ऐरणीखाली येणारी लांबी ठोकळ्याच्या जाडीच्या मानाने फार कमी पडली, तर गाभ्यातील पोकळ्या मिटत नाहीत. बाहेरून गुळगुळीत दिसणारा दांडा आतून पोकळ राहू शकतो. हाताने काम करताना दोन दाबांमधील अंतर कमीजास्त होणे साहजिक असते. कार्यक्रमानुसार चालणारी जोडी ते अंतर प्रत्येक वेळी सारखे ठेवते.

वेळेचाही हिशेब आहे. भट्टीतून बाहेर काढल्यापासून ठोकळा थंड होत असतो. काम पूर्ण झाले नाही, तर तो पुन्हा तापवावा लागतो आणि प्रत्येक वेळी इंधनाबरोबर थोडे पोलादही खवल्यांच्या रूपाने वाया जाते. दोन दाबांमधील रिकामा वेळ कमी झाला की पुन्हा तापवण्याची वेळ कमी वेळा येते.

हैदराबादचे उदाहरण

नियंत्रणाची सर्वांत कठोर परीक्षा विमानाच्या इंजिनातील चकत्यांच्या घडाईत होते. हैदराबाद येथील संरक्षण धातुशास्त्र संशोधन प्रयोगशाळेने दोन हजार टनांच्या खास प्रेसवर टायटॅनियम मिश्रधातूच्या अशा चकत्या घडवण्याचे तंत्र सिद्ध केल्याचे मे २०२१ मध्ये जाहीर झाले. जग्वार आणि हॉक या विमानांना बळ देणाऱ्या अडूर इंजिनाच्या उच्चदाब कॉम्प्रेसरमधील पाचही टप्प्यांच्या चकत्या त्यात होत्या. मिश्रधातू निगम या सार्वजनिक उपक्रमाच्या साहाय्याने त्यांचे उत्पादन करून त्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या बंगळूर येथील इंजिन विभागाला पुरवण्यात आल्या.

येथे साचाही जवळपास धातूइतकाच तापवलेला असतो, जेणेकरून तुकडा साच्याला लागताच थंड पडू नये. मात्र त्यासाठी दाबण्याचा वेग अत्यंत कमी आणि विशिष्ट पद्धतीने बदलता ठेवावा लागतो. तुकड्याच्या उरलेल्या उंचीच्या प्रमाणात वेग उतरत गेला, तरच धातूच्या विरूपणाचा दर स्थिर राहतो. उदाहरण घ्यायचे तर हा दर सेकंदाला एक सहस्रांश हवा असेल, तर तुकडा शंभर मिलिमीटर उंच असताना रॅमचा वेग सेकंदाला एक दशांश मिलिमीटर हवा आणि उंची पन्नासवर आली की त्याच्याही निम्मा. हजारो किलो वजनाचा रॅम नखाच्या जाडीहूनही कमी अंतर एका सेकंदात कापतो आहे आणि तेही ठरलेल्या वक्राप्रमाणे, हे काम लिव्हर धरलेल्या हाताच्या आवाक्यातले नाही.

एवढी काळजी कशासाठी, याचे उत्तर १९८९ मधील एका दुर्घटनेत मिळते. त्या वर्षी १९ जुलै रोजी अमेरिकेतील सू सिटी येथे युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-१० विमान कोसळून ११२ जणांचा मृत्यू झाला. शेपटीकडील इंजिनाच्या पंख्याची टायटॅनियमची चकती उड्डाणात फुटली होती. तिचा मूळ दोष घडाईतला नव्हता. तो टायटॅनियम वितळवण्याच्या टप्प्यातच राहून गेला होता आणि त्यातून वाढलेली चीर तपासणीत वेळेवर सापडली नाही. या घटनेने एक धडा मात्र साऱ्या उद्योगाला दिला. अशा भागाचा वितळण्यापासून बसवण्यापर्यंतचा प्रत्येक टप्पा नोंदीत असला पाहिजे. स्वयंचलित प्रेस प्रत्येक दाबाचा वेग, बल, तापमान आणि वेळ आपोआप नोंदवते. त्या नोंदीचे मूल्य कित्येकदा यंत्राच्या वेगापेक्षाही अधिक ठरते.

हात वाचवणारी व्यवस्था

लहान आणि मध्यम प्रेसवर कामगार तुकडा हाताने किंवा सांडशीने साच्यात ठेवतो. येथे नियंत्रणाचे पहिले काम आकार देणे हे नसून हात वाचवणे हे असते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धोकादायक यंत्रभागांना संरक्षक कठडे घालणे बंधनकारक केले होते. तरीही वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत बोटे तुटण्याचे प्रकार थांबलेले नाहीत. जखमी कामगारांसाठी काम करणारी सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून आपल्या ‘क्रश्ड’ या अहवालांतून ते सातत्याने मांडत आली आहे. यातील अनेक अपघात पॉवर प्रेसवर होतात आणि संवेदक नसणे किंवा ते बंद ठेवलेले असणे हे त्यामागील एक कारण असते.

या बाबतीत हायड्रॉलिक प्रेसला एक स्वाभाविक फायदा आहे. जुन्या पद्धतीच्या क्लचची यांत्रिक प्रेस एकदा सुटली की फेरी पूर्ण करूनच थांबते. हायड्रॉलिक रॅम मात्र मार्गात कोठेही थांबवता येतो. अर्थात त्यासाठी तशी व्यवस्था हवी. पहिली व्यवस्था दोन हातांच्या बटणांची. दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकदम दाबली आणि दाबून धरली, तरच रॅम खाली येतो. त्यामुळे एक बटण पट्टीने बांधून ठेवण्याची पळवाट बंद होते. दुसरी व्यवस्था प्रकाशपडद्याची. साच्यासमोरील अदृश्य किरणांपैकी एखादा जरी अडला, तरी रॅम थांबतो.

प्रकाशपडदा किती अंतरावर लावायचा, याचेही गणित ठरलेले आहे. हाताचा वेग सेकंदाला दोन मीटर धरला जातो. किरण अडल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत सेकंदाचा पाचवा भाग लागत असेल, तर तेवढ्या वेळात हात चाळीस सेंटिमीटर पुढे जातो. म्हणून पडदा धोक्याच्या जागेपासून किमान तेवढा दूर, आणि त्यातही किरणांमधील फटीनुसार आणखी थोडे अंतर राखून, हवा. जागा वाचवण्यासाठी तो जवळ सरकवला, तर तो असून नसल्यासारखा होतो. व्हॉल्व्ह झिजला की थांबण्याची वेळ वाढते, म्हणून ती ठरावीक काळाने पुन्हा मोजणे आवश्यक असते.

सुरक्षिततेची आज्ञा नेहमीच्या पीएलसीवर सोपवली जात नाही, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. नेहमीच्या नियंत्रकात एक बिघाड झाला, तर रॅम अचानक खाली येण्याचा संभव उरतो. त्यामुळे रॅमला खाली सोडणारे दोन स्वतंत्र व्हॉल्व्ह एकापाठोपाठ बसवले जातात आणि ते खरोखर बंद झाले की नाही, यावर वेगळी सुरक्षा यंत्रणा लक्ष ठेवते. एक व्हॉल्व्ह अडकला तरी दुसरा रॅम रोखतो आणि पुढचे आवर्तन सुरूच होत नाही. साचा बदलताना तर कोणत्याही विद्युत यंत्रणेवर न विसंबता रॅमखाली भक्कम लोखंडी आधार लावण्याचा नियम आहे. तापलेल्या धातूशेजारी तेलाची नळी फुटली, तर आग भडकण्याचा धोका असतो. म्हणून अनेक फोर्जिंग प्रेसमध्ये सहज पेट न घेणारे पाणीमिश्रित द्रव वापरले जातात आणि दाब अचानक घसरला की पंप आपोआप बंद होतात.

जुन्या प्रेसना नवे नियंत्रण

फोर्जिंग प्रेसचा सांगाडा पन्नास-साठ वर्षे सहज टिकतो. त्यामुळे नवी प्रेस घेण्यापेक्षा जुन्या सांगाड्यावर नवे नियंत्रण बसवण्याकडे अनेक कारखान्यांचा कल असतो. क्लीव्हलँडच्या ५० हजार टनांच्या प्रेसमध्ये २००८ मध्ये तडे आढळल्यानंतर ती भंगारात न काढता अल्कोआ कंपनीने तिचे मोठे भाग नव्याने बनवून घेतले आणि अद्ययावत नियंत्रणासह २०१२ मध्ये ती पुन्हा कामाला लावली.

अशा नूतनीकरणात चुका होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जुन्या झिजलेल्या मार्गिकांवर नवा संवेदक बसवला, तर तो रॅमचे तिरपेपणही माप म्हणून वाचतो. घाणेरड्या तेलात नवे व्हॉल्व्ह बसवले, तर ते काही आठवड्यांत अडकू लागतात. पूर्वीचा खडबडीत व्हॉल्व्ह जी घाण पचवत होता, ती नाजूक व्हॉल्व्हला सोसत नाही. म्हणून जाणकार अभियंते आधी सांगाडा, मग तेल आणि गाळण्या, त्यानंतर व्हॉल्व्ह व संवेदक आणि सर्वांत शेवटी संगणक असा क्रम पाळतात. घाईत हा क्रम उलटा झाला की पैसा खर्चूनही प्रेस पूर्वीसारखीच चालते आणि दोष संगणकाला दिला जातो.

मिस्त्रीचे पुढे काय?

स्वयंचलनाने माणसांची संख्या घटते, हे नाकारता येणार नाही. चार जणांच्या टोळीचे काम काचेच्या खोलीत बसलेले एक-दोन जण करू शकतात. पुण्यात भारत फोर्जने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंचलित प्रेसकडे वळण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मनुष्यबळाचे स्वरूपही बदलले. अंगमेहनतीच्या कामगारांचे प्रमाण घटले आणि अभियंते व तंत्रज्ञांचे वाढले. ज्यांना हे शिक्षण मिळाले त्यांना वाट सापडली. ज्यांचे कौशल्य केवळ हातात होते, त्यांच्यासाठी मात्र हा बदल सोपा नव्हता.

दुसरीकडे, ज्या कामांतून माणूस बाजूला झाला ती कामे मुळात माणसाने करावीत अशी नव्हती. लालबुंद धातूपासून हातभर अंतरावर उभे राहून कॅलिपर लावणे, सतत हादरणाऱ्या लिव्हरला दिवसभर धरून बसणे किंवा साच्यात दर मिनिटाला हात घालणे यांतून कित्येकांची श्रवणशक्ती गेली, बोटे गेली. त्या कष्टांचे उदात्तीकरण करण्यात अर्थ नाही.

प्रश्न उरतो तो ज्ञानाचा. नियंत्रकाला दिलेला प्रत्येक आकडा, म्हणजे कोणत्या पोलादाला किती दाबायचे, कधी थांबायचे, कधी पुन्हा तापवायचे, हा कोणीतरी अनुभवाने ठरवलेला असतो. नवे नियंत्रण बसवताना जे कारखाने जुन्या मिस्त्रीला अभियंत्याच्या शेजारी बसवून त्याचे ठोकताळे कार्यक्रमात उतरवून घेतात, त्यांची प्रेस लवकर मार्गी लागते. जेथे त्याला आधी घरी पाठवले जाते, तेथे तेच ठोकताळे वाया गेलेल्या ठोकळ्यांच्या किमतीत पुन्हा शिकावे लागतात. संवेदक बंद पडला, पायरोमीटर खवल्यांनी फसला किंवा पंपाचा आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला, तर ते ओळखणारा माणूस आजही लागतोच. फोर्जिंगच्या नव्या प्रशिक्षणात पीएलसीच्या शिडीबरोबरच धातूचा रंग ओळखण्याचा धडाही असावा, असे म्हणावे लागते ते यामुळेच.